रूथबाईंचा डावा हात

रूथबाईंना डावा हात नाही, ही बातमी आमच्या गल्लीत मी पसरवली. म्हणजे हात आहे, पण कामाचा नाही, लहानपणीच वाळला असावा, असं मी घरोघरी सांगितलं होतं. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, बी. ए. होते आणि महिला मंडळाची चिटणीस होते. या तीन गोष्टी एका बाईत जमल्या की तिला कुणाला काही विचारावं लागत नाही. नुसतं बघितलं तरी कळतं.

बघितलं होतं ते असं. श्रीरामपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाईंचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. घराचीच पुढची खोली. टीव्ही तेव्हा पोटवाले होते, दोघांनी उचलायचे. आमचा बिघडला म्हणून मी घेऊन गेले. बाई पन्नाशीच्या पुढच्या, उंच, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, साडीवर राखाडी एप्रन. मागचं झाकण काढून त्या उजव्या हाताने आत काहीतरी तपासत होत्या आणि डावा हात एप्रनच्या खिशात होता. अर्धा तास मी बसले, तो हात काही बाहेर आला नाही. टीव्ही परत न्यायला गेले तेव्हाही तेच. एप्रनला खिसाही एकच, डावीकडे. मला भरून आलं. एका हाताची बाई, नवरा नाही, मूल नाही, आणि हे पुरुषी काम करून स्वतःचं पोट भरते.

महिला दिनाला मंडळाने त्यांचा सत्कार केला. सूचना माझी, भाषण माझं. त्यात ‘नियतीने हात हिरावून घेतला तरी’ असं एक वाक्य होतं, ते मी तीन वेळा म्हटलं, कारण पहिल्या वेळेस दोन बायकांनी डोळे पुसले होते. बाई समोरच्या खुर्चीवर शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांना बोलावलं. त्या उठल्या, दोन्ही हात पुढे करून त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, शाल नीट खांद्यावर सारखी केली आणि सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला. खोटं कशाला सांगू, पाव सेकंद मला वाटलं, चमत्कार झाला.

हसून हसून एकीला ठसका लागला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कार्यक्रम संपल्यावर बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “भाषण छान झालं. माझ्याबद्दल नव्हतं, पण छान झालं. उद्या दुकानात ये, हा हात खिशात का असतो ते दाखवते. आणि अक्षर बरं असेल तर थांब, सेटवर चिठ्ठ्या लिहून चिकटवायला मला कुणीतरी हवंच आहे.”

दुसऱ्या दिवशी गेले, ती सोळा वर्षं जात राहिले.

बाईंचं आधीचं आयुष्य मला फार माहीत नाही. त्या पुण्याकडे टीव्हीच्या एका कारखान्यात बरीच वर्षं होत्या, आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आल्या, एवढं सांगायच्या. बाकी काही विचारलं की “तो सेट दे इकडे” म्हणायच्या. एकदाच, पावसामुळे वीज गेली होती आणि आम्ही दोघी नुसत्याच बसलो होतो, तेव्हा म्हणाल्या की कारखान्यात शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी होती. चालू सेटमध्ये तिचे दोन्ही हात होते. “ओरडलीसुद्धा नाही ती. मला वाटलं, वाकून काहीतरी बघतेय.” आणि मग, “दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर नवीन मुलगी बसली.”

म्हणून डावा हात खिशात. चालू सेटवर एकच हात जायला पाहिजे. दुसरा हात मोकळा असला की तो आपोआप कशाला तरी टेकतो आणि मग एका हातातून शिरलेली वीज छातीतून जाऊन दुसऱ्या हाताने बाहेर पडते. शिंप्याने एप्रनला दोन खिसे शिवून आणले तेव्हा बाईंनी उजवा खिसा उसवून काढला होता. तो कशाला काढला, असू द्यायचा, असं मी म्हटल्यावर म्हणाल्या, “दोन खिसे असले की हात गोंधळतात.”

बाईंना दोन गोष्टी हव्या होत्या. हातपाय चालतात तोवर आपल्या टेबलावर स्वतःच्या हाताने काम करत राहायचं, आणि त्या टेबलावर कुणी मरायचं नाही. सोळांपैकी तेरा वर्षं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या नाहीत.

टेबलाखाली एक लोखंडी डबा होता. धान्याच्या डब्याएवढा, पण दोन माणसांना उचलताना कुंथावं लागेल इतका जड. भिंतीतल्या प्लगमधून एक तार त्यात शिरायची, आणि डब्याच्या दुसऱ्या अंगाला एक सॉकेट होतं. दुरुस्तीचा सेट कधीही भिंतीवर लावायचा नाही, या सॉकेटवरच लावायचा. पहिल्याच दिवशी मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, हे आमच्याकडेही आहे, फ्रीजला लावलेलं. बाई म्हणाल्या, तुमच्याकडे स्टॅबिलायझर असेल, हा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. मी म्हटलं, तेच ते. बाईंनी चष्मा काढला. त्या चष्मा काढायच्या म्हणजे समोरचा मूर्ख आहे, पण शिकण्यासारखा आहे असं त्यांना वाटायचं.

“स्टॅबिलायझरमध्ये भिंतीतली वीज एका बाजूने जाते आणि तीच दुसऱ्या बाजूने बाहेर येते, जरा कमी-जास्त होऊन. त्याने फ्रीज वाचतो, माणूस नाही. या डब्यात दोन वेगळी वेटोळी आहेत. अलीकडच्याची तार पलीकडच्याला कुठेच लागत नाही.”

मग त्याने काय होतं, मी विचारलं.

“भिंतीतल्या विजेचं माहेर जमीन आहे. तिला सारखं जमिनीत परत जायचं असतं. तू अनवाणी उभी राहून तिला हात लावलास की तुझ्यातून जाते, तुझ्यावर राग म्हणून नाही, वाट म्हणून. डब्यापलीकडच्या विजेचं जमिनीशी नातंच नाही. तिचं माहेर-सासर दोन्ही त्या दोन तारांमध्ये. एकीतून निघायचं, दुसरीत यायचं. तू चुकून एका तारेला हात लावलास तर ती तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही.”

मी म्हटलं, म्हणजे डबा असला की भीती नाही.

“हे वाक्य या दुकानात म्हणायचं नाही,” बाई म्हणाल्या. “एक हात या तारेला आणि एक त्या तारेला लागला, की तू तिच्या घरातलीच. मग डबा काही करत नाही. भिंतीवरचा ट्रिप स्विचही पडत नाही. त्याला पलीकडचं दिसत नाही. त्याच्या लेखी तू म्हणजे एक बल्ब.”

डब्याचे नियम होते. त्यावर एका वेळी एकच सेट. मी एकदा त्याच सॉकेटमध्ये जादा पिन खोचून टेबल फॅन लावायला निघाले होते, उकडत होतं म्हणून. बाईंनी माझ्या हातातली वायर काढून घेतली. दोन वस्तू लावल्या की एकीच्या पत्र्यात एका तारेची वीज उतरलेली असते, दुसरीच्या पत्र्यात दुसरीची असू शकते, आणि मध्ये आपण दोघींवर हात ठेवून उभे. आणखी एक म्हणजे, प्लग काढला म्हणून वीज गेली असं धरायचं नाही. ती आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये बसून राहते, निरोप घेऊनही दारात गप्पा मारणाऱ्या पाहुणीसारखी. म्हणून प्लग काढल्यावर बाई शंभरच्या बल्बच्या दोन तारा कंडेन्सरला टेकवायच्या. बल्ब क्षणभर लखकन पेटून विझायचा. मग मीटर लावून शून्य बघायच्या आणि म्हणायच्या, “गेली बाई एकदाची.”

बबन आमच्याकडे पहिल्यांदा आला तो याच डब्याला हसायला. बबन म्हणजे कोपरगावच्या बाजूच्या एका खेड्यातला, चाळिशीतला माणूस. जळलेल्या मोटारींना नवीन तार भरायचा, घरांची वायरिंग करायचा, टीव्ही उघडायचा, आणि जे जमायचं नाही ते पोत्यात घालून एस.टी.ने बाईंकडे आणायचा. त्याची एक सवय होती. तारेत वीज आहे की नाही हे तो बोटाच्या पाठीने बघायचा. टेस्टर खिशाला लावलेला असायचा, पेनसारखा, शोभेला.

“बाई, ह्यो धोंडा कशापायी? म्या बारा वर्सं हातानं बगतोय. करंट मला वळखतो.”

“ओळखतो ना,” बाई झाकणाचे स्क्रू काढता काढता म्हणाल्या, “मग एक दिवस घरी येईल तुझ्या.”

बबन खूप हसला. पण त्याने ते घरी जाऊन सांगितलं असावं, कारण पुढच्या खेपेला त्याच्याबरोबर त्याची बायको आली आणि म्हणाली, बाई, ह्यांना दोन सबुद सांगा. बाईंनी सांगितलं नाही. उपदेश करणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, त्याचा डावा हात उचलून त्याच्याच पँटच्या खिशात घातला आणि म्हणाल्या, आता कर काम. तासभर त्याने केलं. घाम फुटला होता. म्हणाला, “लई अवगड हाय ह्ये. हात आपसूक भायेर येतोय.” बाई म्हणाल्या, तेच तर.

आता माझी करामत ऐका. यात मी बाईंना जवळजवळ मारलं होतं, आणि तेही काळजीपोटी.

बाई तीन दिवस केडगावला गेल्या होत्या. तिथे त्यांची भाची शालिनी राहते, तिच्या मुलाचा बाप्तिस्मा होता. दुकान माझ्यावर. त्याच महिन्यात आमच्या ह्यांनी घरी नवीन अर्थिंग करून घेतलं होतं. अंगणात खड्डा, त्यात कोळसा, मीठ, वरून रोज पाणी. आठवडाभर आमच्या जेवणात दुसरा विषय नव्हता. अर्थिंग म्हणजे संरक्षण, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मी येताजाता लोकांच्या घरात अर्थिंग शोधायची. झाडता झाडता माझी नजर डब्यावर गेली. डब्याच्या पत्र्याला अर्थिंगची हिरवी तार होती, पण बाहेर येणाऱ्या दोन तारांना काहीच नव्हतं.

नेमका बबन आला. त्याने वाकून बघितलं आणि जीभ चावली. “गावातल्या डीपीवर बी न्यूट्रलला अर्थिंग असतंया. हितं न्हाई म्हंजी बाई इसरल्या.” बाई विसरल्या आणि आम्हाला सापडलं, याचा आम्हा दोघांना इतका आनंद झाला की मी चहा केला. दहा मिनिटांचं काम. बबनने बाहेरच्या दोन तारांतली एक अर्थिंगला जोडून दिली. मी डबा ओल्या फडक्याने पुसला. मनात एक छोटं भाषणही तयार झालं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बाई आल्या. रोज दुकान उघडलं की त्या एक विधी करायच्या, आणि मी तोवर त्याला पूजेचाच प्रकार समजत होते. एक झिरोचा बल्ब होता, होल्डरला दोन लांब तारा जोडलेला. तो आधी भिंतीवर लावायच्या. लागायचा. मग एक तार अर्थिंगला धरून दुसरी डब्याच्या सॉकेटच्या एका भोकात घालायच्या. बल्ब लागायचा नाही. दुसऱ्या भोकात. तरी लागायचा नाही. “ठीक,” म्हणायच्या आणि कामाला बसायच्या. काही महिने बघून मी त्यांना सुचवलं होतं की हा बल्ब खराब आहे, मी चांगला आणून देते.

त्या दिवशी पहिल्या भोकात बल्ब लागला नाही. दुसऱ्यात लागला. चांगला पिवळाधमक.

बाईंनी भिंतीतला प्लग काढला.

“इथं कोण आलं होतं?”

मी फुलून म्हटलं, बाई, अर्थिंग राहिलं होतं ना, ते मी करून घेतलं.

त्या स्टुलावर बसल्या. पाणी प्यायल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “कुसुम,” म्हणाल्या, “तू तिचं माहेर परत जमिनीत नेऊन दिलंस. आता तिला तुझ्यातून जाऊन घरी पोचता येतं.” आणि मग, “मी हा डबा आहे म्हणून निर्धास्त हात घातला असता. डबा नसता तर जपून घातला असता.”

ते शेवटचं वाक्य मला तिथे कळलं नाही. घरी जाऊन भाकरी थापताना कळलं आणि तवा तसाच जळत राहिला.

बबनला निरोप गेला. तो आला, त्याने बल्ब बघितला. “म्हंजी म्या तुमाला मारलंच असतं की.” बाई म्हणाल्या, तू नाही, कुसुमने, तू फक्त पान्हा धरला होतास. मग त्यांनी ती तार आम्हा दोघांकडून सोडवून घेतली, आणि त्या दिवसापासून सकाळचा बल्ब माझ्याकडे आला. सन्मानाचं काम म्हणून मी ते आठ दिवस मोठ्या गंभीर चेहऱ्याने केलं. नवव्या दिवशी बाईंनी विचारलं, आधी भिंतीवर लावून बघतेस ना? मी म्हटलं, त्याची काय गरज, डब्यावर लागत नाही एवढं बघितलं की झालं. बाईंनी तो बल्ब भिंतीवर लावला. लागला नाही. कधीचा गेला होता देव जाणे. मी आठ दिवस मेलेल्या बल्बला विचारत होते की सगळं ठीक आहे ना, आणि तो काही बोलत नव्हता.

बाईंनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि परत घातला. त्यांना हसू येत होतं. पुढे कित्येक वर्षं, मी घरातली कुठलीही गोष्ट छातीठोकपणे सांगितली की त्या विचारायच्या, “भिंतीवर लावून बघितलंस का?”

मग टीव्ही चपटे झाले, भिंतीला टांगले जाऊ लागले. आमच्यासारखी दुकानं कमी झाली. बाईंचं चालू होतं, कारण त्या फेकून द्या असं कधी म्हणायच्या नाहीत. टीव्ही, इंडक्शनची शेगडी, वॉशिंग मशीनचं कार्ड, काहीही उघडायच्या. आणि चौदाव्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी चहाची बशी वाजायची. मग सुटे भाग जोडायला कथलाचा डाग दिला की ठिपक्याच्या जागी जिलबी व्हायची. मी म्हटलं, बाई, चष्म्याचा नंबर वाढला असेल. त्यांनी माझं समाधान केलं, हो म्हणाल्या. डॉक्टरकडे मला घेऊनच गेल्या. डॉक्टरने नसांचा आजार सांगितला. गोळ्यांनी थोडं दबेल, पण वाढत जाणार. बाईंनी सेटचा दोष ऐकावा तसं ऐकून घेतलं. “म्हणजे पार्ट मिळत नाही,” म्हणाल्या. डॉक्टर बिचारा गडबडला. रिक्षातून उतरताना म्हणाल्या, “काम सुटलं तर मी काय करू गं?” त्या मला विचारत नव्हत्या, म्हणून मी रिक्षाचे पैसे दिले.

त्यांनी काम बदललं नाही, पद्धत बदलली. डाग द्यायला आठवड्यातून दोन दिवस बबन यायला लागला. मोजमाप करायचं तर सेट बंद असतानाच मीटरचे चिमटे बोर्डावर लावायचे, हात काढून मागे सरायचं, मग चालू करायचं, आकडा वाचायचा, बंद करायचं, कंडेन्सर रिकामा करायचा, तेव्हाच चिमटा हलवायचा. एका आकड्याला पाच मिनिटं. आधी त्या तेवढ्यात तीन सेट तपासायच्या. “असंच करायला पाहिजे होतं पहिल्यापासून,” म्हणायच्या, पण म्हणताना दात घट्ट असायचे.

मला स्विचवर बसवलं. त्याचा नियम त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितला. चालू सेटवर दोन हात दिसले की बंद कर. कुणाचेही असोत. विचारू नकोस, तोंडाकडे बघू नकोस. मी थांब म्हटलं तरी बंद कर.

दोन वर्षं तसं चाललं. मी साठीला आले होते आणि स्विचवर बसून स्वेटर विणण्यात तरबेज झाले होते.

त्या आठवड्यात एका शाळेचा मोठा टीव्ही आला होता. दोष असा, की सेट गरम झाल्यावर मध्येच बंद पडायचा आणि हात लावायला जावं तर पुन्हा सुरू. दोन दिवस त्याने बाईंना झुलवलं होतं. चिमटे लावून दोष सापडेना, कारण चिमटा दुसऱ्या जागी नेईपर्यंत सेट थंड व्हायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मीटरच्या तारेची सुई उजव्या हातात घेतली आणि चालू सेटमध्ये घातली. पूर्वी घालायच्या तशी. डावा हात खिशात होता. मी बघत होते.

सुई थरथरत होती. बाईंना ज्या ठिपक्यावर टेकवायची होती त्याच्या आजूबाजूला नाचत होती. दोनदा, तीनदा. आणि मग त्यांचा डावा हात खिशातून बाहेर आला आणि त्याने उजव्या हाताचं मनगट धरलं. अगदी हळू, लेकराचा हात धरावा तसा. सुई स्थिर झाली. डाव्या हाताची करंगळी आतल्या उघड्या पत्र्यापासून बोटभर दूर होती.

मी विणायच्या सुया खाली ठेवल्या आणि स्विचवर हात ठेवला. आणि बंद केला नाही. सांगायला लाज वाटते. मला वाटलं, आत्ता बंद केला तर बाईंना कळेल की मला दिसलं. ज्या बाईच्या चांगल्या हाताला मी वाळका ठरवून गावभर सत्कार केला, तिचा खरोखर थकलेला हात दिसल्यावर मला भीड पडली होती.

तीन सेकंदांनी मी स्विच बंद केला.

“चालू कर,” बाई मागे न वळता म्हणाल्या. “सापडतच होतं.”

“बाई, दोन हात.”

“असू दे गं. डबा आहे ना.”

बाईंच्या पाठीवरून मला कळलं की त्यांनी स्वतःचं वाक्य ऐकलं. त्या तशाच वाकून उभ्या होत्या, एका हाताने दुसरा धरून. मग त्यांनी सुई बाहेर काढली. शंभरच्या बल्बच्या तारा कंडेन्सरला लावायच्या होत्या, त्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. मी टेकवल्या, बल्ब लखकन लागून विझला. मीटरवर शून्य मीच बघितलं.

“किती वेळ बघत होतीस?”

“तीन सेकंद.”

“कारखान्यातल्या त्या मुलीला एकही लागला नव्हता,” बाई म्हणाल्या. आणि त्यांनी एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी परत घालतील. नाही घातला. त्यांना कुणी बंद करा म्हटलं नव्हतं, डॉक्टरनेसुद्धा नाही. स्विच मी बंद केला, पण दुकान त्यांनी बंद केलं. महिनाभरात आलेले सगळे सेट बबनकडून पुरे करून घेतले. शाळेच्या टीव्हीचा दोष बबनलाच सापडला, बाईंची सुई टेकणार होती त्याच जागी. डबा आणि झिरोचा बल्ब त्याच्या टेम्पोत चढवला. बबन डोळे पुसत काहीतरी बोलायला लागला तेव्हा बाईंनी त्याला विचारलं की सकाळी पहिलं काय करशील? त्याने सगळं क्रमाने सांगितलं. “जा मग,” म्हणाल्या.

आणि त्या केडगावला शालिनीकडे राहायला गेल्या.

मला धास्ती होती की तिथे त्या खिडकीशी बसून राहतील. काम सुटलं तर काय करू, हे त्यांनी एकदा रिक्षात विचारलं होतं, आणि ते सोडायला लावणारी मीच. वर्षभर फोनवर त्या धड बोलायच्या नाहीत. “ठीक आहे” एवढंच. शेवटी न राहवून मी एस.टी. धरली. पिशवीत चिवडा, आणि मनात धीर देणारी बरीच वाक्यं.

शालिनीने दार उघडलं आणि म्हणाली, मावशी मागच्या ओट्यावर आहे, पण बोलेल की नाही सांगत नाही, गिऱ्हाईक बसलंय.

मागच्या ओट्यावर उन्हात एक जुनी चटई, चटईवर पाट, आणि पाटाभोवती भिंतीवरची घड्याळं. लाल, निळी, शाळेतली, देवळातली, एकावर मोराचं चित्र. दोन बॅटऱ्या, तीन रिमोट, एक पेन्सिल सेलवर चालणारा रेडिओ. शेजारी एक म्हातारी गुडघे धरून बसली होती, तो रेडिओ तिचा. बाईंच्या हाताला कंप चांगलाच वाढलेला दिसत होता. उजव्या हातात बारीक पेचकस, आणि डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलेलं, उघडपणे, कोपर पाटावर टेकून. सेलवरच्या वस्तूला दोन काय, चार हात लागले तरी चालतात. त्यांनी त्यांना जमेल असं काम शोधून काढलं होतं. मी आणलेली वाक्यं पिशवीतच राहिली.

“आलीस? बस. तो स्क्रू धर.”

मी धरला. चुकीचा धरला. त्यांनी चष्मा काढायला हात उचलला, पण हात फार हलत होता म्हणून तसाच खाली ठेवला आणि नुसतं बघितलं. मी बरोबर धरला. रेडिओ आधी खरखरला, मग बाजारभाव सांगायला लागला. कांद्याचा भाव ऐकून म्हातारीने नाक मुरडलं, पण रेडिओ छातीशी धरून गेली.

मग जेवलो. बाईंना घास तोंडापर्यंत नेताना त्रास होत होता, शालिनीने चमचा पुढे केला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला. बबनबद्दल विचारलं. मी सांगितलं की त्याच्याकडे आता दोन माणसं कामाला आहेत, आणि दोघांच्या पँटींचे डावे खिसे तो रोज तपासतो. त्यावर त्या तोंड दाबून हसल्या. माझ्या गुडघ्यांबद्दल काही विचारलं नाही. मी आपण होऊनच सांगितलं.

ती आमची शेवटची भेट. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या गेल्या. त्या दुपारी मला ते माहीत नव्हतं, ते बरंच झालं, नाहीतर मी काहीतरी बोलून बसले असते. पाचची गाडी होती. मी निघते म्हटलं, त्या हं म्हणाल्या. फाटकाशी जाऊन मी वळून बघितलं. बाईंनी माझ्याकडे पाठ करून मोराचं घड्याळ पाटावर ओढलं होतं, आणि त्याचं मागचं झाकण निघत नव्हतं म्हणून त्या त्याला रागावत होत्या.